आवाजाची वेगळी लाईन

२ नोव्हेंबर, रविवार

काल मी जवळजवळ बँडमध्ये गेले! हे हसतात, हसू देत.

'खारफुटी' बँडचा कार्यक्रम भाईंदरच्या हॉलमध्ये होता. मी नेहमीसारखी दुसऱ्या रांगेत रेकॉर्डर मांडत होते, तेवढ्यात निहारने स्टेजवरून हाक मारली. "मनोरमाकाकू, तिथे काय बसलात? इकडे या." आणि त्याने स्वतःच्या हाताने माझ्या रेकॉर्डरची वायर थेट मिक्सरला लावून दिली. गिटार वाजवणारा, चाली लावणारा, बँड उभा करणारा माणूस, आणि माझ्यासाठी टेबलाखाली वाकून प्लग शोधतोय.

हा नाद कुठून लागला ते एकदा लिहून ठेवते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, परळ सोडून इथे पूनम सागरला आलो, आणि ओळखीचं कुणी नाही. इंद्रलोकच्या एका सोसायटीच्या गणपतीत ही पोरं गात होती. गिटार, ड्रम, आणि मधे उभी राहून समिधा लग्नातला धवला गात होती. तिची आजी सरूबाई काशीगावात लग्नाघरी धवले गायची, तिच्याकडून आलेलं गाणं. मी मोबाइल वर धरला तो धरलाच. पुढे रेकॉर्डर घेतला. बाकीचे कलाकार मोबाइल खाली ठेवायला लावतात. निहार मात्र प्रत्येक कार्यक्रमात सांगतो, "बिनधास्त रेकॉर्ड करा, वाटा, फक्त विकू नका." मी रेकॉर्ड करते, आणि माझ्यासारखाच नाद लागलेला उत्तम नावाचा पोरगा एकेक गाणं कापून आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकतो. आमची माणसं आता दुबईपर्यंत आहेत.

काल निहार म्हणाला, "समिधाच्या माईकची लाईन वेगळी घ्या. तिच्यात गिटार, ड्रम काही नको. नुसता स्वच्छ आवाज."

"कशाला रे?"

"जपून ठेवायला. उद्या आपण नसू काकू, आवाज राहील."

मला भरूनच आलं.

९ नोव्हेंबर, रविवार

निहार घरी आला होता. पेन ड्राइव्हवर सगळं भरून दिलं. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांच्या वेगळ्या लाईनीही दिल्या, तेव्हाही त्याच्याच सांगण्यावरून घेतल्या होत्या. उत्तमलाही तेच पाठवलं, त्याला गाणी कापायला लागतात. घावणे केले होते, निहारने मागून घेतले.

तो गेल्यावर हे म्हणाले, "त्याला एकट्या मुलीचाच आवाज कशाला हवाय?"

म्हटलं, "जपून ठेवायला."

"मग ती का नाही आली?"

ह्यांची सगळी नोकरी बँकेच्या दक्षता विभागात झाली. यांना घावण्यातही काळंबेरं दिसतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

निहारने इंद्रलोकला स्टुडिओ घेतला. आज पूजा होती. भिंतींना तो मऊ काळा स्पंज, काचेपलीकडे गायची खोली, सगळं नवं कोरं. पोराचे दिवस आले. परवापरवापर्यंत कुणाच्या तरी गॅरेजमध्ये सराव चालायचा.

समिधा नव्हती. तिच्या गावचं, काशीगावचं, मैदान एका बिल्डरच्या टॉवरखाली जाणार आहे. तळ्यामागचं मैदान, जिथे गावाची लग्नं लागतात, पोरं क्रिकेट खेळतात. गाव म्हणतं गावकीचं, बिल्डर म्हणतो कागद आमच्याकडे. समिधाचे वडील धर्माजी भोईर तिथे मांडव घालून रोज बसतात, गावातली बाकी माणसं आळीपाळीने. ती तिथेच असते.

निहारला विचारलं तर म्हणाला, "तिला आता गाण्यापेक्षा आंदोलन मोठं. बँड नुसत्या भावनेवर चालत नाही, काकू." चेहरा ओढल्यासारखा दिसला. दमलाय बिचारा, सगळं एकट्याच्या डोक्यावर आहे.

उत्तमही आला होता. इस्टेट एजंट माणूस, पूजेतही दोघातिघांना फ्लॅट दाखवायचं ठरवून गेला. मला ते आवडलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज अक्षर बघा कसं आलंय.

संध्याकाळी गोल्डन नेस्टच्या सिग्नलला भाजी घेत होते. एक टेम्पो आला, मागे मोठा स्क्रीन, आणि समिधाचा आवाज. इतका आनंद झाला म्हणून सांगू! नवं गाणं, आणि मला माहीत नाही? भाजीवाल्याला म्हटलंसुद्धा, "भैया, ये हमारी समिधा है."

मग शब्द ऐकू आले.

'तळ्याच्या काठी, काशीच्या गावी, आभाळाला टेकलं माझं घर.' स्क्रीनवर टॉवर. टॉवरच्या खाली तेच तळं, आणि तळ्यामागे मैदान होतं तिथे पोहण्याचा हौद.

भाजीवाला म्हणाला, "आंटी, बहुत मस्त गाती है." टेम्पो गेला. मी मेथीचे पैसे न देताच चालायला लागले, त्याने मागून हाक मारली.

असं कसं केलं या मुलीने? वडील तिथे उन्हात बसलेत आणि ही त्याच बिल्डरसाठी गाते? घरी आल्या आल्या फोन केला. मी जरा तोडूनच बोलले. "अभिनंदन. जाहिरात ऐकली तुझी."

ती म्हणाली, "काकू, कुठली जाहिरात?"

६ डिसेंबर, शनिवार

समिधा सकाळीच आली. एव्हाना ती जाहिरात सगळ्यांच्या मोबाइलवर पोचली होती. मी लावली. ती उभ्यानेच ऐकत होती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिने स्वतःचा गळा धरला, आपला आहे ना जागेवर ते बघावं तसा.

"हे मी गायले नाही."

"अगं, पण तूच आहेस."

"हो. मीच आहे." परत लावायला सांगितली. "तो 'काठी'वरचा हेलकावा बघा. तो आजीचा आहे. मी तो दुसऱ्या कुणाला शिकवलेला नाही. पण काकू, शपथ घेते, मी हे गायले नाही."

मी वेड्यासारखी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. खरं बोलत होती. आणि मोबाइलमध्ये तीच गात होती.

हे आतून आले. त्यांनी कुठेतरी वाचलेलं होतं. म्हणाले, "कॉम्प्युटर करतो असं. माणसाचा आवाज त्याला भरपूर ऐकवायचा, मग तो त्या आवाजात वाट्टेल ते गातो. पण ऐकवायचा आवाज स्वच्छ लागतो. मागे वाद्यं, टाळ्या नकोत."

रेकॉर्डर टीव्हीशेजारी ठेवलेला होता. आम्ही तिघंही त्याच्याकडेच बघत होतो.

मग तिने वडिलांचं सांगितलं. काल मांडवातच कुणीतरी त्यांना जाहिरात ऐकवली. ते नुसतं म्हणाले, "माझे पोरीचा आवाज मी वलखत न्हाय काय? तिचाच हाय. पोरीनं आवाज इकला." तेव्हापासून तिच्याशी एक शब्द नाही. ती ताट घेऊन गेली तर तोंड फिरवलं. गावातल्या बायका तिला बघून दारातून आत गेल्या.

"मी त्यांना काय सांगू? मी नव्हते म्हणून सांगू?"

मी चहा केला, तो तसाच राहिला.

८ डिसेंबर, सोमवार

समिधाने पोलिसांत तक्रार दिली. मी बरोबर होते. त्यांनी लिहून घेतलं, जाहिरात मागवून घेतली.

मी निहारला फोन केला. त्यालाही धक्का बसला असणार, आधी सगळं परत सांगायला लावलं. मग शांतपणे विचारलं, "काकू, त्या वेगळ्या लाईनच्या फाइल्स तुम्ही कुणाकुणाला दिल्यात?"

"तुला आणि उत्तमला."

"उत्तम काय काम करतो?"

"फ्लॅट विकतो."

"मग मी काय बोलू? तुम्हीच बघा."

डोक्यात लख्ख उजेड पडला. फ्लॅट विकणारा, त्यात बिल्डरांकडे रोजची ऊठबस. मी इतकी चिडले की ग्रुपवरच लिहिलं: उत्तम, तू समिधाचा आवाज विकलास. आमच्यात तोंड दाखवू नकोस. लोक तुटून पडले त्याच्यावर. कुणी त्याच्या ऑफिसचा पत्ता टाकला.

उत्तमने ग्रुप सोडला. मला एकच मेसेज आला: 'काकू, मला एक फोन तरी करायचा होता.'

ह्यांना दाखवला. ते म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." मी त्यांच्याशी बोलत नाहीये.

११ डिसेंबर, गुरुवार

हे लिहायचं कसं?

समिधा म्हणाली, "काकू, मी त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारणार, कुणाकडून घेतलं." हायवेलगत बिल्डरचं विक्रीचं ऑफिस आहे. काचेच्या पेटीत टॉवरचं खेळणं, आत गार हवा, आणि भिंतीतून हळू आवाजात तेच गाणं. समिधा दारातच थबकली. मी तिचा हात धरला.

समोर एक मुलगी आली, छातीवर नाव, सान्वी. समिधाला बघून तिने चक्क टाळी वाजवली. "ओ माय गॉड! मॅम, तुम्ही? मी तुमची केवढी फॅन आहे! एक सेल्फी प्लीज?"

समिधा म्हणाली, "हे गाणं मी गायलेलं नाही."

"हो मॅम, माहितीये ना. ए.आय. आहे. पण तुमच्या बँडकडून रीतसर परवानगी घेतलीय. सगळं पेपरवर आहे."

मी म्हटलं, "बँडकडून म्हणजे कुणाकडून? उत्तम नावाचा माणूस आला होता ना?"

"उत्तम? नाही हो. निहार सर स्वतः आले होते. दोन-तीनदा आले. फाइल्स पण त्यांनीच दिल्या, एकदम क्लीन. आमचे साउंडवाले बोलले, इतना साफ आवाज तो स्टुडिओ में भी नहीं मिलता." मग माझ्याकडे बघून हसली. "तुम्ही मनोरमा काकू का? सर बोलले होते, सगळं रेकॉर्डिंग एका काकूंनी प्रेमाने केलंय."

मी तिथल्या सोफ्यावर बसले, कुणीतरी पाणी दिलं.

समिधा मात्र उभीच. तिने डोळे मिटले आणि जाहिरातीतली तीच ओळ गायली. ती ओळ पहिल्यांदाच गात होती ती. आवाज घोगरा झालेला, रडून रडून. वरच्या सुराला चिरकला. ऑफिसातली माणसं माना वर करून बघायला लागली.

सान्वी ऐकत होती. मनापासून म्हणाली, "छान, मॅम. पण जाहिरातीत जास्त क्लिअर आलाय."

त्या मुलीचा राग यावा इतकं वाईट तिने काहीच केलं नव्हतं. म्हणूनच मला तिथे बसवेना.

१२ डिसेंबर, शुक्रवार

निहारच्या स्टुडिओत गेले. एकटीच. समिधा म्हणाली, मला त्याचं तोंड बघायचं नाही.

मला अजून वाटत होतं की तो म्हणेल, काकू, त्यांनी मला फसवलं. रिक्षात बसून मीच त्याच्या वतीने उत्तरं तयार करत होते.

त्याने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "कळलं तर."

"का रे असं केलंस?"

"बसा तरी."

बसले नाही. तो खुर्ची फिरवत बोलत राहिला. चाली माझ्या, बँड माझा, गॅरेजमध्ये घाम मी गाळला. समिधा दोन-दोन महिने सरावाला येत नाही. "तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"काकू, मी तुम्हाला परवानगी दिली, तुम्ही घेतलीत. तुम्ही तिचा आवाज दुबईपर्यंत पोचवलात. तेव्हा कुठे तिला विचारलं होतं? तुम्ही वाटलात, मी विकला. दोघांनाही परवानगी मीच दिली."

"आणि उत्तमचं नाव? ते का घातलंस माझ्या तोंडात?"

"मी नाव घेतलं नव्हतं. तुम्हीच घेतलंत."

खरं होतं. मी दार ओढून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले. लिफ्टचं बटण दाबायचंही सुचत नव्हतं. याच माणसाला मी घावणे वाढले. एवढा गोड, हळू बोलणारा. आजसुद्धा तो एकदाही ओरडला नाही.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, मी सांगत होतो. त्यांनी नुसतं ताट वाढलं. भात त्यांनीच लावला होता.

१४ डिसेंबर, रविवार

ग्रुपवर सगळं खरं खरं लिहिलं. उत्तमची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत, जशी शिवी दिली होती तशीच. मग त्याच्या ऑफिसात गेले. शटरवर कुणीतरी काळ्या रंगाने 'चोर' लिहिलं होतं. तो रॉकेलच्या बोळ्याने पुसत होता.

"उत्तम, माझं चुकलं."

"हो."

"मी विचारायला हवं होतं."

"काकू, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. मी चार वर्षं तुमच्या मागून वायरी गुंडाळत फिरलो. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर वाईट नसतं वाटलं." तो पुसतच होता. "माणगावहून भावाचा फोन आला, तू काय केलंस म्हणून. गावापर्यंत गेलं."

मी बोळा घ्यायला हात पुढे केला. त्याने दिला नाही. "राहू दे. तुमच्या साडीला लागेल."

माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही. मी वाट बघत उभी राहिले, मग निघाले.

१८ डिसेंबर, गुरुवार

समिधाच्या वकिलाची नोटीस गेली. टेम्पो बंद झाला म्हणतात. मोबाइलवर गाणं फिरतंच आहे, ते आता कोण थांबवणार? बँड मोडला. ड्रमवाल्याने फोन करून सांगितलं आणि रडला.

धर्माजी अजून बोलत नाहीत. समिधाने त्यांना सगळं समजावलं. निहारचं, कॉम्प्युटरचं. ते म्हणाले, "मशीन गातं? ना तुझ्याच आवाजान?" आणि उठून गेले. त्यांचं तरी काय चुकलं! मी स्वतः फसले. भाजीवाल्याला कौतुकाने सांगत होते.

२१ डिसेंबर, रविवार

आज गावकीची बैठक होती. समिधाने बोलावलं म्हणून गेले, रेकॉर्डर पिशवीत होता. सवयीने घेतला, दुसरं काही नाही.

मांडवात गाव जमलं होतं. धर्माजी पुढे सतरंजीवर, पांढरी टोपी, मान खाली. पोलिसांतली तक्रार, वकिलाची नोटीस, सगळं वाचून दाखवलं. मग मागून एका तरण्या माणसाने मोबाइलवर जाहिरात लावली आणि म्हणाला, "आता हिला गायला सांगा. फरक कलू दे."

समिधा उभी राहिली. मला वाटलं, गाईल. गायली आणि सारखाच आवाज आला तर? आणि सारखा नाही आला, चिरकला, तर म्हणतील मुद्दाम बिघडवला.

ती म्हणाली, "फरक न्हाय कलणार. मना पण न्हाय कलला." ती पुढे आली. "माझा आवाज त्यांच्याकडे हाय, तो आता परत येनार न्हाय. उद्या तो दुसरं काय तरी बोलेल. तुमाला शिव्या पण देईल. तो कुठं पण जाऊ दे. मी इथं बसतंय. रोज. मी उठलेली दिसली, तर बोला की पोरगी इकली गेली."

आणि ती वडिलांच्या समोर, मांडवाबाहेरच्या उन्हातच, मातीत बसली.

मग धर्माजी सतरंजीवर जरा सरकले. जागा केली. तोंडाने म्हणाले एवढंच, "मातीत नको बसू." ती उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसली. म्हाताऱ्याने टोपी काढून तोंड पुसलं.

बायका मग पुढे आल्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या फिरवला. एका बाईने समिधाच्या पाठीवर थाप मारली, "गा गो, सरूबायचा गा." माझा हात पिशवीत गेला. बटणावर बोट होतं.

आणि मला निहारचं ते बोलणं आठवलं, 'तेव्हा कुठे तिला विचारलं होतं?' इतक्या वर्षांत, इतक्या कार्यक्रमांत, मी परवानगी नेहमी त्यालाच विचारली होती. गाणारीला एकदाही नाही.

बायकांमधून वाट काढत पुढे गेले. वाकून विचारलं, "समिधा, रेकॉर्ड करू का?"

तिने माझ्याकडे बघितलं. चिडलेली नव्हती. जरा विचार केला आणि म्हणाली, "नको, काकू."

"बरं."

तिथेच सतरंजीच्या कडेला बसले. हातांचं काय करायचं कळेना. ती गायला लागली, बायकांनी ओळ उचलली. मागे मांडवाच्या खांबाला टेकून उत्तम उभा होता, कधी आला कोण जाणे. शेजारच्या माणसाने मोबाइल वर काढला, तर उत्तमने हळूच त्याचा हात खाली केला.

गाणं संपल्यावर मला गुडघ्यांमुळे उठवेना. उत्तमने हात दिला. उठवलं, आणि रिक्षा बघायला पुढे गेला.

ती काय गायली त्यातल्या बऱ्याच ओळी मला येतात. इथे लिहीत नाही.